धरली पाहिजे आणि सुटलीही पाहिजे: वावरातल्या, गोठ्यातल्या आणि झोक्याच्या गाठी

खान्देशातल्या कुठल्याही खळ्यावर, गोठ्याच्या कोपऱ्यात किंवा ट्रॉलीच्या तळाशी बघा, वीतभर-हातभर लांबीचे दोराचे तुकडे पडलेले असतात. त्यातल्या बहुतेकांच्या मधोमध एक घट्ट आवळलेली निरगाठ असते. गाठ सुटली नाही, म्हणून विळा चालवला. असं चार वेळा झालं की पंधरा हातांचा दोर दहा हातांवर येतो आणि मग बाजारातून नवा आणावा लागतो.

गाठीची कामं दोन. ताण असेपर्यंत धरणं आणि काम संपल्यावर सुटणं. निरगाठ पहिलं काम करते, दुसरं करत नाही. घाईत मारलेली सुरगाठ दुसरं करते, पहिल्याचा भरवसा देत नाही. खाली दिलेल्या गाठी दोन्ही करतात. केबल टाय, रॅचेटचे पट्टे, हुकाची रबरं हे सगळं आता तालुक्याच्या दुकानात मिळतं आणि जागच्या जागी ते चांगलंही आहे. पण केबल टाय एकदाच वापरता येतो, रॅचेट चिखलाने अडकतो आणि रबर उन्हात तडकतं. दोर हव्या त्या लांबीला, हव्या त्या खुंट्याला बसतो. शिवाय बरोबर बसलेली गाठ नजरेलाच कळते. तिचे पदर एकमेकांशेजारी नीट पडलेले असतात, कुठे मुरड नसते. हे ओळखता येऊ लागलं की हात आपोआप नीट चालतात, आणि त्यातला आनंद ज्याला त्यालाच कळतो.

आधी दोर

दुकानात ‘नायलॉन’ म्हणून मिळणारा पिवळा, निळा किंवा हिरवा दोर बहुतेक वेळा नायलॉन नसतो. तो पॉलिप्रॉपिलीनचा, म्हणजे पीपीचा, किंवा एचडीपीईचा (दाट पॉलिथिनचा) असतो. ओळखायला सोपं आहे: बोटभर तुकडा कापून पाण्याच्या बादलीत टाका आणि चिमटीने दाबून त्यातली हवा काढा. तरंगला तर पीपी किंवा एचडीपीई, बुडाला तर नायलॉन किंवा पॉलिएस्टर. हे कळणं गरजेचं आहे, कारण पीपी बुळबुळीत असतो. त्याच्यात गाठ सरकते, म्हणून एक वेढा जास्त घ्यावा लागतो आणि टोक लांब सोडावं लागतं. नायलॉन ताणला की लांबतो, त्यामुळे झटका सोसायला चांगला. पण माल घट्ट आवळून ठेवायचा असेल तर तो ढिला पडतो. सुती, सणाचा किंवा अंबाडीचा दोर गाठ उत्तम धरतो, पण भिजला की फुगतो, आखडतो आणि गाठ दगडासारखी होते. पावसाळ्यात तो कोरडा असतानाच किंचित सैल बांधावा.

उन्हाचा मारही लक्षात ठेवा. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे जातो. पीपीचा दोर वर्षभर असा उघड्यावर राहिला की त्याचे तंतू ठिसूळ होतात. हातावर घासून पांढरी भुकटी निघाली तर त्या दोराला वजन देऊ नका.

गाठ मारली की दोराची ताकद कमी होते, कारण वळणावर बाहेरच्या तंतूंवर जास्त ताण येतो. गाठ आणि दोर कसा आहे त्यावर ही घट साधारण एक तृतीयांशापासून निम्म्यापर्यंत असते. दोर निवडताना निम्मी ताकद गेली असंच धरून चाला.

पुढे चार शब्द सारखे येतील. ज्या बाजूने ओढ बसते तो ताणाचा दोर. ज्या टोकाने गाठ मारतो ते मोकळं टोक. दोर नुसता मागे वळवला, एकमेकांवर ओलांडला नाही, तर ती दुमड. ओलांडला तर तो वळसा. सरावासाठी ८ मिलिमीटर जाडीचा दीड-दोन मीटर सुती दोर घ्या. पीपीवर शिकू नका, तो हातात राहत नाही आणि चूक कुठे झाली ते दिसत नाही.

न सरकणारा फास: बोलाइन

एकच गाठ शिकायची असेल तर ही शिका. हिने टोकाला असा फास तयार होतो की तो कितीही ओढला तरी लहान होत नाही, आणि दिवसभर ताण सोसूनही नंतर अंगठ्याने सुटतो.

१. फास जेवढा मोठा हवा तेवढा दोर आणि वर हातभर जास्त, मोकळ्या टोकाकडे सोडा.
२. तिथे लिंबाएवढा लहान वळसा घ्या. टोकाकडचा पदर ताणाच्या दोराच्या वर आला पाहिजे.
३. मोकळं टोक त्या वळशातून खालून वर काढा.
४. ते ताणाच्या दोराच्या मागून फिरवा आणि त्याच वळशात वरून खाली घाला.
५. एका हातात टोक आणि फासाचा शेजारचा पदर एकत्र धरा, दुसऱ्या हातात ताणाचा दोर, आणि ओढून बसवा.

चूक होते ती दुसऱ्या पायरीत. वळसा उलटा पडला, म्हणजे टोकाकडचा पदर खाली गेला, तर पुढचं सगळं बरोबर करूनही गाठ ओढताच उलगडते किंवा सरकफास होते. म्हणून प्रत्येक वेळी बांधून झाल्यावर झटका द्या. फास लहान झाला तर सोडून पुन्हा मारा.

दुसरी अडचण अशी की ताठ किंवा बुळबुळीत दोरात, ताण नसताना हलत राहिली तर बोलाइन हळूहळू सैल पडते. उपाय सोपा: टोक किमान १५ सेंटिमीटर सोडा आणि त्याची फासाच्या शेजारच्या पदरावर एक साधी गाठ मारा. सोडताना आधी ही गाठ काढा, मग ताणाच्या दोराभोवती गेलेला वेढा अंगठ्याने मागे ढकला. ताण चालू असताना मात्र बोलाइन सुटत नाही, हे विसरू नका.

ढोरांच्या गळ्यात बांधायला हीच गाठ. गळ्यात सरकफास कधीही टाकू नये. जनावर बुजून मागे ओढतं तसा सरकफास आवळत जातो, श्वासनळी दाबली जाते आणि घाबरून ते आणखी जोरात ओढतं. रात्रीतून गाय-वासरू दगावण्याचं हे टाळता येण्यासारखं कारण आहे. फास आणि गळा यांच्यात मूठ सहज जावी एवढी जागा ठेवा. फार सैल ठेवलात तर पुढचा खूर त्यात अडकतो. वाढत्या वासराचा फास दर महिन्याला तपासा. पोळ्याला नवी दावी येतात तेव्हा जुन्या दाव्याची गाठ तशीच नव्यावर उतरवून घेण्याऐवजी माप नव्याने घ्या.

विहिरीत पाणबुडी मोटर सोडतानाही मोटरच्या कडीला बोलाइन बांधावी, टोकाच्या गाठीसकट. वजन दोराने घ्यायचं, केबलने नाही. केबल पाइपाला जागोजागी बांधून सैल ठेवा.

ओढताच सुटणारी: खुंट्याकडची गाठ

दाव्याचं दुसरं टोक खुंट्याला असतं, आणि तिथे गरज उलटी असते. गोठ्याला आग लागली, बैल दाव्यात गुरफटून पडला किंवा घोडा बिथरला, तर एका झटक्यात सोडता आलं पाहिजे. सारंगखेड्याच्या यात्रेत, तापीच्या काठी शेकडो घोडे रांगेत बांधलेले असतात. अशा गर्दीत एक बुजला की शेजारचेही बुजतात, तिथे ही गाठ जीव वाचवते.

दोर खुंट्याभोवती किंवा कडीतून फिरवून पुढे घ्या. टोकाकडच्या दोराचा एक वळसा करा, टोक मागे लोंबतं ठेवून. हा वळसा जनावराकडे जाणाऱ्या दोरावर ठेवा. आता वळशातून बोटं आत घाला, ताणाच्या दोराच्या मागे लोंबणारा टोकाचा भाग पकडा आणि त्याची दुमड वळशातून पुढे ओढा. टोक पूर्ण बाहेर काढायचं नाही, फक्त दुमड. मग ताणाच्या बाजूने आवळा आणि गाठ खुंट्यापर्यंत सरकवा. टोक ओढलं की सगळं मोकळं.

गाठ खुंट्यापासून लांब राहिली तर ती जनावर मागे ओढेल तशी सरकत जाऊन इतकी आवळते की टोक ओढूनही निघत नाही. म्हणून सुरुवातीलाच ती घट्ट टेकवून बसवा. काही घोडे आणि म्हशी टोक चघळून ओढायला शिकतात. त्यांच्यासाठी टोक दुमडीच्या फासातून एकदा ओवून ठेवतात. मग सोडताना आधी टोक बाहेर काढावं लागतं, हे घरातल्या सगळ्यांना माहीत हवं. घोडा त्याच्या खांद्याच्या उंचीला, हातभर दोर ठेवून बांधावा म्हणजे पाय दोरावरून जात नाही. गाई-म्हशींचा खुंटा खाली आणि दावं बसता-उठता येईल एवढं लांब.

आखाजीचा झोका

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात आणि निंबाच्या किंवा चिंचेच्या फांदीला झोके चढतात. या झोक्याची गाठ आपल्याकडे सगळ्यात निष्काळजीपणे बांधली जाते, आणि तिच्यावर सगळ्यात मोठा भार येतो.

भाराचा हिशेब असा. झोका स्थिर असताना दोरावर बसणाऱ्याच्या वजनाएवढा ताण असतो. उभ्या रेषेपासून ६० अंशांपर्यंत झोका गेला, तर तो खाली मधोमध येताना ताण वजनाच्या दुप्पट होतो. दोर आडवा होईपर्यंत, म्हणजे ९० अंशांपर्यंत, गेला तर तिप्पट. दोघी उभ्या राहून झोका घेतात, प्रत्येकी ५५ किलो धरा, तर ६० अंशांवरच २२० किलोचा ताण येतो, तोही क्षणाक्षणाला कमी-जास्त होणारा. म्हणून दोर किमान १६ मिलिमीटर जाडीचा, शक्यतो २०, आणि न झिजलेला हवा.

फांदी जिवंत, हिरवी, किमान १५ ते २० सेंटिमीटर जाड असावी. शेवग्याची फांदी कितीही जाड दिसली तरी ठिसूळ असते, तिला झोका नको. खोडापासून दीड मीटर तरी अंतर ठेवा, नाहीतर झोका फिरून खोडावर आदळतो. फांदी जमिनीपासून ४ मीटरवर आणि बसायची जागा अर्ध्या मीटरवर असेल, तर दोन्ही गाठींसकट साधारण १३ मीटर दोर लागतो.

जिथे दोर बसणार तिथे गोणपाटाची दुहेरी घडी फांदीभोवती गुंडाळा. दोर फांदीभोवती पूर्ण तीन वेळा फिरवा, वेढे एकमेकांना लागून, एकमेकांवर चढलेले नकोत. खरा भार हे वेढे घेतात. गाठ फक्त टोक धरून ठेवते. आता टोक ताणाच्या दोरावरून नेऊन मागून फिरवा आणि तयार झालेल्या फटीतून काढा. ही एक अर्धी गाठ. तिच्या खाली, त्याच दिशेने, दुसरी मारा. आणि झोका आहे म्हणून तिसरी. दिशा बदलली तर दुसरी गाठ पहिलीला नीट चिकटत नाही आणि पकड कमी होते. टोक ३० सेंटिमीटर तरी उरलं पाहिजे.

नुसता एक वेढा आणि त्यावर निरगाठ, असं बांधलेला झोका प्रत्येक हेलकाव्याला फांदीवर मागेपुढे घासतो. दोर तिथेच वरून झिजतो, आणि खालून बघणाऱ्याला ते दिसत नाही. तीन वेढ्यांमुळे हे घासणं जवळपास थांबतं. दुसरं टोक पहिल्यापासून ५० ते ६० सेंटिमीटरवर तसंच बांधा. मुलं बसवण्याआधी दोन मोठ्या माणसांनी दोराला लोंबकळून बघावं. नवा दोर पहिल्या दिवशी लांबतो, त्यामुळे संध्याकाळी उंची पुन्हा बघा. रोज सकाळी कुणीतरी वर चढून वेढे तपासले पाहिजेत. सण झाला की झोका उतरवून ठेवा.

केळीला पट्टी आणि कैची

रावेर, यावल, चोपड्याकडे वळवाच्या वादळात केळी आडवी होते ती बहुतेक घडाच्या वजनानेच. निसवण झाल्यावर, म्हणजे घड बाहेर पडल्यावर, तो खाली झुकतो तेव्हाच आधार द्या, वादळाची वाट बघू नका.

पॉलिप्रॉपिलीनची पट्टी वापरत असाल तर दीड बाय दीड मीटरच्या लागवडीत आणि खोडाचा गळा सुमारे २ मीटरवर असताना एका झाडाला साडेतीन मीटर पट्टी पुरते. पट्टी खोडाच्या गळ्याला, पानांच्या देठांच्या खाली बांधायची. घडाच्या दांड्याला कधीच नाही, तो चिरतो. इथेही बोलाइन मारा, बोटं जातील एवढी सैल. सरकफास टाकला तर वाऱ्यात पट्टी खोडात रुतते आणि नेमकं तिथूनच खोड मोडतं. दुसरं टोक घड ज्या बाजूला झुकलाय त्याच्या विरुद्ध बाजूच्या झाडाच्या बुंध्याला, जमिनीपासून फूटभर उंचीवर. तिथे एक पूर्ण वेढा आणि दोन अर्ध्या गाठी, त्यातली शेवटची दुमडीची, म्हणजे घड भरत जाईल तशी पट्टी सोडून पुन्हा ताणता येते. काढणीनंतर पट्ट्या गोळा करून न्या. पाल्याबरोबर त्या ढोरांच्या पोटात गेल्या तर पचत नाहीत, कोठ्यात गोळा होऊन बसतात.

बांबूची कैची, म्हणजे वर बांधलेला आणि खाली पाय फाकवलेला दोन बांबूंचा टेकू, करायची असेल तर दोन बांबू शेजारी-शेजारी ठेवा. वरच्या टोकापासून फूटभर खाली एका बांबूला खुंटगाठ मारा: दोराचा एक वेढा, मग त्यावरून तिरपा नेऊन त्याच दिशेने दुसरा, आणि टोक त्या तिरप्या पदराखालून बाहेर. पुढे दोन्ही बांबूंभोवती मिळून सहा-सात वेढे, सैलसर. मग बांबूंच्या मधून, त्या वेढ्यांना कवटाळणारे दोन फेरे, आणि दुसऱ्या बांबूला खुंटगाठ मारून शेवट. वेढे फार घट्ट झाले तर पाय फाकत नाहीत आणि जोर लावला की बांबू चिरतो.

खुंटगाठ बांबूकामाच्या सुरुवातीला उत्तम आहे, पण तिच्यावर एकटीवर ढोर बांधू नका. ओढीची दिशा बदलत राहिली की ती खुंट्यावर फिरत-फिरत सुटते.

ट्रॉलीवरचा माल आवळणं

कापूस असो, कडबा असो की मक्याची पोती, माल आवळायला ट्रकवाले जी गाठ मारतात ती नीट समजून घेतली तर एकट्याने दोघांचं काम होतं.

एका बाजूच्या हुकाला दोर बोलाइनने बांधा, मालावरून पलीकडे टाका. पलीकडच्या हुकाच्या वर साधारण दोन-अडीच फुटांवर दोरात वळसा घ्या आणि त्यातून मोकळ्या टोकाकडच्या दोराची दुमड ओढून ओंजळीएवढा फास करा. दुमड मोकळ्या टोकाकडचीच हवी. मालाकडच्या दोराची काढली तर ताण येताच फास मिटतो. पीपी असेल तर दुमड काढण्याआधी वळशाला आणखी एक पीळ द्या. आता टोक हुकाखालून घेऊन वर आणा, फासातून ओवा आणि जोराने खाली ओढा. हिशेबाने इथे ताण तिप्पट होतो. दोरावर दोर घासत असल्याने प्रत्यक्षात त्याहून बराच कमी मिळतो, तरी नुसत्या हाताने ओढण्यापेक्षा पुष्कळच जास्त. ओढलेला दोर फासापाशी चिमटीत दाबून धरा आणि त्याच्या खाली दोन अर्ध्या गाठी मारा, पहिली दुमडीची.

दोन-तीन किलोमीटर गेल्यावर थांबून पुन्हा आवळा. कापूस आणि कडबा खड्ड्यांनी दबतो, दोर ढिला पडतो आणि वळणावर माल एका अंगाला जातो. फास दरवेळी दोरावर वेगळ्या जागी घ्या. एकाच जागी घासून पीपीचे तंतू वितळल्यासारखे चकचकीत दिसू लागतात, तिथून दोर तुटतो. मोटारसायकलवर पोतं बांधलं असेल तर उरलेलं टोक आत खोचा, चाकाच्या तारांजवळ लोंबू देऊ नका.

दोर जोडताना

दोन दोर जोडायला लोक जी सपाट गाठ मारतात (उजवं टोक डाव्यावर, मग डावं उजव्यावर) ती पेंढी, गाठोडं, जखमेची पट्टी यांच्यासाठी आहे. तिला मागे टेकायला काहीतरी लागतं. नुसते दोन दोर हिने जोडले आणि एका टोकाला आडवी ओढ बसली की ती उलटून सरकते. दोन्ही वेळा उजवंच वर घेतलं तर ती तिरकी बसते आणि आणखी लवकर सुटते.

जोडायला दुमडीची गाठ घ्या, जाडी वेगळी असली तरी चालते. जाड दोराची दुमड करा. बारीक दोर दुमडीतून खालून वर काढा, दुमडीच्या दोन्ही पदरांच्या मागून फिरवा आणि स्वतःच्याच पदराखालून, पण दुमडीच्या वरून, न्या. दोन्ही मोकळी टोकं एकाच बाजूला आली पाहिजेत. बुळबुळीत दोरात मागून दोनदा फिरवा. माणसाचा भार ज्या दोरावर येणार तो मात्र जोडाचा नको, सलगच घ्या.

टोकं विस्कटू नयेत म्हणून पीपी आणि नायलॉनची टोकं लायटरने वितळवून ओल्या फडक्याने दाबा. वितळलेला थेंब बोटाला चिकटून खोल भाजतो. सुती आणि सणाच्या टोकाला सुतळीचे आठ-दहा घट्ट वेढे द्या. चिखलाचा दोर धुऊन सावलीत वाळवा, कारण वाळूचे कण तंतूंच्या आत शिरून दोर आतून कापतात. ठेवण्याआधी पीळ थोडा उघडून आत बघा. आतले तंतू काळपट किंवा तुटलेले दिसले तर तो दोर पेंढ्या बांधायला ठेवा, त्याच्यावर ढोर किंवा माणूस नको.